एकट्यानं सॉफ्टवेअरचा धंदा : कोड सोडून काय काय यावं लागतं?

एकखांबी
एलयूटीचा (कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र) रिमाइंडर वाजला आणि सुरुवातीची तारांबळ आठवली, म्हणून हा धागा. जीएसटी नंबर असून गिऱ्हाईक परदेशातलं असेल, तर एप्रिलचं पहिलं बिल काढायच्या आत जीएसटी पोर्टलवर आरएफडी-११ (एलयूटीचा फॉर्म) भरा. जुनं ३१ मार्चला संपतं. नाही भरलं तर १८ टक्के खिशातून भरा नि रिफंडसाठी हेलपाटे घाला. बाकीचं तुम्ही लिहा.

कंपाइलर_काका
पेमेंट!! यूपीआयवर पैसे गेले की माणूस तिथूनच फोन ठेवतो, तुमच्या 'धन्यवाद' पानावर येतच नाही. लायसन्स वेबहुकवरूनच द्या, म्हणजे पैसे आले की पेमेंट कंपनीचा सर्व्हर आपल्या सर्व्हरला जो निरोप धाडतो त्यावरून. तोच वेबहुक दोनदाही येतो. निरोपातल्या इव्हेंट आयडीला डेटाबेसमध्ये युनिक इंडेक्स लावा (तोच नंबर दुसऱ्यांदा घेत नाही), नाहीतर एका पैशात दोन लायसन्स. निरोप खरा का हे सांगणारी डिजिटल सही तपासताना बॉडी (निरोपाचा मजकूर) आली तशी कच्ची घ्या. जेसन पार्स करून परत स्ट्रिंग केली की एखादी स्पेस बदलते, सही जुळत नाही, आणि लोक उगाच सिक्रेट (सहीची गुप्त किल्ली) बदलत बसतात.

मोगरा_७
वर्गणी ऑटो-डेबिटनं घेणार असाल तर जीएसटीसकट १५,००० च्या आत बसवा. त्याहून जास्त झाली की दर वेळी ओटीपी लागतो आणि तो मेसेज कोण बघतंय. १२,७०० अधिक १८ टक्के = १४,९८६. बास.

गावकूस
सपोर्ट राहिला. "चालत नाहीये" एवढाच व्हॉट्सॲप येतो. आधी पूर्ण स्क्रीनचा फोटो मागा, कोपऱ्यातल्या तारखेसकट. जुन्या पीसीत मदरबोर्डवरचा सेल संपला की तारीख मागे जाते, सर्व्हरचं सुरक्षा सर्टिफिकेट बाद ठरतं, सर्व्हर जोडत नाही. बोंब मात्र आपल्या नावानं.

मोगरा_७
@गावकूस सीआर२०३२ ना? आमच्या गाडीच्या रिमोटलाही तोच 😄

गावकूस
हो ताई, पाचाचं पाकीटच घेऊन ठेवा.

सातबारा
ईमेलचा विषय कुणीच काढला नाही? एका डोमेनला एसपीएफची (आपल्या नावानं मेल कोण पाठवू शकतं ते सांगणारी) ओळ एकच. मेलबॉक्स एकाकडे, बिलं पाठवणारी सेवा दुसरीकडे, म्हणून दोन ओळी टाकल्या की तपासणीच फेल, बिलं स्पॅममध्ये. दोन्ही सेवांचे 'include' एकाच ओळीत घाला. डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) दोघांचं वेगळं. घाईत लिहितेय, कुकर झालाय.

एकखांबी
भारी! अपडेट कधी सोडता?

कंपाइलर_काका
बिलिंगचं सॉफ्टवेअर असेल तर ११ तारखेच्या आधीचे तीन-चार दिवस हात लावू नका, गिऱ्हाइकांचा जीएसटीआर-१ (विक्रीचा जीएसटी रिटर्न) असतो. २० लाही तेच, जीएसटीआर-३बी (कर भरायचा रिटर्न).