स्टेंटचा भाव दिल्ली ठरवते, मग खाटेचा कोण ठरवणार?

तासगावकर

गेल्या महिन्यात पहाटे तीनला आबांच्या छातीत कळ आली. घामानं बंडी भिजली. आमच्याकडं अशा वेळी कुणी विचार करत बसत नाही, ‘मिरजेला न्या’ एवढंच म्हणतात. १८९४ साली तिथं मिशन हॉस्पिटल सुरू झालं, तेव्हापासून आजोबा-पणजोबांची ही सवय. ज्या खाजगी दवाखान्यात पोचलो त्याचं नाव लिहीत नाही. काउंटरवर पहिला प्रश्न आला, “डिपॉझिट किती भरताय?” सरकारी उपचार योजनेसाठी केशरी रेशनकार्ड पुढं केलं, तर “योजनेचा माणूस नऊला येईल.” आबा स्ट्रेचरवर, एक हात खाली लोंबतोय, आणि धाकटा भाऊ दारात उभा राहून फोनवरनं मित्रांकडं पैसे मागतोय. साठ हजार जमा झाल्याचा मेसेज दाखवला तेव्हा स्ट्रेचर आत गेलं.

आबा वाचले. आता बागेत खुर्ची टाकून बसतात.

बिल घरी आणून शांतपणे वाचलं. स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, चाळीस हजारांच्या आत. बाकी कॅथलॅब, आयसीयू, ‘कन्झ्युमेबल्स’ मिळून पावणेदोन लाखांच्या वर. दहा वर्षांपूर्वी चुलत्यांना हाच स्टेंट लाखाच्या पुढं पडला होता. फरक कशानं पडला? बिरेंदर सांगवान नावाचे वकील दिल्ली उच्च न्यायालयात गेले, २०१६ मध्ये स्टेंट अत्यावश्यक औषधांच्या यादीत आला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्रानं औषध सोडणाऱ्या स्टेंटला २९,६०० रुपयांची कमाल किंमत लावली. एका आदेशात देशभर भाव खाली.

मग खाटेचा, आयसीयूचा दर असा का बांधत नाहीत? कारण राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत औषधं समवर्ती सूचीत आहेत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघंही कायदा करू शकतात, आणि दवाखाने राज्यसूचीत, म्हणजे राज्याच्या हातात. म्हणजे आबांच्या काळजात बसवलेली जाळी दिल्लीच्या अखत्यारीत आणि आबा ज्या खाटेवर पडले ती मुंबईच्या. माझं म्हणणं सरळ आहे. आरोग्य समवर्ती सूचीत घ्या आणि संसदेत आरोग्य हक्काचा कायदा करा. पंधराव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष एन. के. सिंह यांनीही आरोग्य समवर्ती सूचीत न्यावं असं मत मांडलं होतं. खासदार मतं मागायला येतात तेव्हा आपण रस्ता आणि रेल्वे विचारतो. हे विचारायला पाहिजे.

कृष्णाकाठचा डॉक्टर

आबा बरे आहेत हे वाचून बरं वाटलं. काउंटरवर जे झालं ते चूक, त्याची बाजू मी घेणार नाही. तातडीच्या पेशंटला योजनेत फोनवरून मंजुरी घेता येते, नऊ वाजायची वाट बघायची गरज नसते.

पण त्यासाठी आरोग्य दिल्लीकडं द्यायला माझा पूर्ण विरोध आहे. वाळवा तालुक्यात माझं बारा खाटांचं हॉस्पिटल आहे. नर्सिंग होमची नोंदणी दर तीन वर्षांनी, सोनोग्राफीचं रजिस्टर, जैविक कचरा, फायर ऑडिट. हे सगळं मी करतो, करायलाही हवं. मात्र दिल्लीत बसून लिहिलेले निकष नेहमी दोनशे खाटांच्या हॉस्पिटलच्या मापाचे असतात. ते मला लावले तर मी शटर खाली ओढीन, आणि बोरगावची बाळंतीण रात्री थेट सांगली गाठेल.

दुसरं म्हणजे, या बाबतीत आपलं राज्य दिल्लीच्या पुढं होतं. पिवळ्या-केशरी कार्डावर दीड लाखापर्यंतचे उपचार देणारी योजना महाराष्ट्रानं २ जुलै २०१२ ला ८ जिल्ह्यांत सुरू केली, पुढच्या वर्षी सगळ्या राज्यात नेली. आज तिलाच महात्मा फुले जन आरोग्य योजना म्हणतात. केंद्राची आयुष्मान भारत आली सप्टेंबर २०१८ मध्ये, आणि तिची यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेवरची. माझ्याकडं येणारे ऊसतोडीचे मजूर त्या यादीत सापडेनात. रेशनकार्ड मात्र प्रत्येकाच्या पिशवीत होतं. घराघराची माहिती असलेल्यानं यादी करावी.

आणि पैसा? मी ज्या योजनेच्या पॅनेलवर होतो तिचे पैसे सात महिने आले नाहीत. सिस्टरचे पगार मी बायकोच्या ठेवीतून दिले. पॅनेल सोडलं. कायदा दिल्लीचा असो की मुंबईचा, हक्क लिहून देणाऱ्यानं चेकही लिहायला हवा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेऊ असं लिहिलंय. २०२५ उलटलं, अडीच टक्के झाले नाहीत.

मिरजेचा मेडिकलवाला

काउंटरवरचं सांगतो. औषधाच्या बाबतीत दिल्लीनं ठरवलं की माझ्या दुकानात त्या दिवशी होतं. २२ सप्टेंबर २०२५ ला बहुतेक औषधांचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. आदल्या रात्री मी आणि पोरगा दीड वाजेपर्यंत कॉम्प्युटरवर जुन्या मालाचे दर बदलत बसलो होतो. सकाळी बीपी-शुगरवाले आले, बिल कमी झालेलं बघून दोनदा विचारून गेले. त्याच दिवसापासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के कर शून्य झाला. म्हणून माझं मत तासगावकरांच्या बाजूनं.

विट्याची वकील

दोघांचंही अर्धं पटतं. आधी कायद्याचं स्पष्ट करते, कारण सगळा वाद त्यावर उभा आहे.

संसदेनं दवाखान्यांसाठी कायदा केलेला आहे. वैद्यकीय आस्थापना कायदा, २०१०. तातडीच्या रुग्णाची प्रकृती स्थिर करण्यापुरते उपचार दिलेच पाहिजेत, हे त्यात आहे. पण विषय राज्याचा असल्यामुळं अनुच्छेद २५२ चा रस्ता धरावा लागला. अरुणाचल, हिमाचल, मिझोराम आणि सिक्कीम या चार राज्यांच्या विधानसभांनी ठराव केले, त्यांच्यासाठी कायदा झाला, बाकीच्यांनी हवा तर स्वीकारायचा. महाराष्ट्रानं तो स्वीकारला नाही. आपल्याकडं १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदाच चालतो.

त्यामुळं तासगावकर, तुमचा राग दिल्लीवर आहे, पण दार मुंबईत बंद आहे. सूची बदलायची तर घटनादुरुस्ती लागते, संसदेत दोनतृतीयांश आणि वर निम्म्या राज्यांच्या विधानसभांची संमती. तोवर आबांसारखी किती माणसं काउंटरवर थांबतील? विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत साधा ठराव करून २०१० चा कायदा घेता येतो. राजस्थाननं तर २०२३ मध्ये स्वतःचा आरोग्य हक्क कायदा केला. डॉक्टर रस्त्यावर उतरले, सरकारला माघार घेऊन ५० पेक्षा कमी खाटांची खाजगी रुग्णालयं बाहेर ठेवायचं मान्य करावं लागलं. म्हणजे लहान हॉस्पिटलची भीती दूर ठेवूनही कायदा करता येतो.

आणि डॉक्टरसाहेब, राज्य पुढं होतं हे खरंच. गर्भलिंगनिदानावर बंदी महाराष्ट्रानं १९८८ मध्ये आणली, देशाचा कायदा त्यानंतर १९९४ चा. पण मार्च २०१७ मध्ये म्हैसाळच्या ओढ्याकाठी १९ भ्रूण सापडले ते याच राज्यात, आपल्याच जिल्ह्यात, कायदा असताना. मी त्या वेळी सांगलीत कोर्टात होते. बाररूममध्ये दिवसभर कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. पहिला कायदा कुणी केला याचं भूषण मला तेव्हापासून वाटत नाही. तपासणीला कोण गेलं, रजिस्टर कुणी उघडून बघितलं, हेच मी विचारते.

जतची आशाताई

मी पूर्व भागात, सीमेला लागून. आमच्याकडं निम्मी घरं कन्नड बोलतात. तुम्ही सगळे हॉस्पिटलवर बोलताय, मी वस्तीवरचं सांगते.

उपकेंद्र ५,००० लोकांमागं एक, डोंगरी-आदिवासी भागात ३,००० मागं एक, हे माप वरनं आलंय. जत ना डोंगरी ना आदिवासी, नुसता दुष्काळी. घरं रानात विखुरलेली. एका वस्तीवरनं दुसऱ्या वस्तीवर जायला पायी पाऊण तास. माणसं मोजली, अंतर कुणी मोजलं नाही. त्यामुळं पाच हजारांचा आकडा भरतो आणि बाई मात्र उपकेंद्रापासनं नऊ किलोमीटरवर राहते.

२००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हा आम्हाला ‘स्वयंसेविका’ म्हटलं. हा एक शब्द कुणीतरी दिल्लीत लिहिला. तेवढ्यानं आम्हाला पगार नाही, मानधन. कामाप्रमाणं मोबदला. गेल्या पावसाळ्यात रात्री बाळंतिणीबरोबर गाडीत बसले, तिचं डोकं माझ्या मांडीवर, बॅटरी तोंडात धरून बीपी घेतला. त्या रात्रीचा हिशेब फॉर्मवर एका ओळीत बसतो. अभियानाचा पैसा ६० टक्के केंद्राचा, ४० राज्याचा. मोर्चा मुंबईला नेला की म्हणतात केंद्रानं वाढवायला हवं. दिल्लीचं विचारलं की म्हणतात राज्य आपल्या वाट्यातनं देऊ शकतं. सूची कुठलीही करा, पण दोघांनी एकमेकांकडं बोट दाखवायचं बंद होईल असं काहीतरी लिहा.

तासगावकर

आशाताई, तुमचं वाचून थांबलो. अंतराचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

वकीलताई, विधिमंडळाच्या ठरावाचं पटलं. तरी मूळ मागणी सोडत नाही. डॉक्टर, दिल्लीचे निकष लावले की दवाखाने बंद पडतील म्हणता, मग कोरोनातला २१ मे २०२० आठवा. खाजगीतल्या ८० टक्के खाटांना सरकारनं दर बांधून दिले. वॉर्ड ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये दिवसाला. तो आदेश काढताना १८९७ चा साथरोग कायदा आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा वापरला. दोन्ही देशाचे कायदे. अंगावर वेळ आली तेव्हा दिल्लीच्याच कायद्यानं राज्याचे हात बळकट केले ना?

कृष्णाकाठचा डॉक्टर

कायदे देशाचे, पण दर मुंबईनं ठरवले आणि बिलं तपासली जिल्ह्यानं. तुमचंच उदाहरण माझ्या बाजूनं येतं. आणि ते दर मी पाळले. ऑक्सिजनसाठी रात्री दोनला कुपवाड एमआयडीसीत सिलिंडर घेऊन रांगेत उभा होतो, पेशंटच्या नातेवाइकांबरोबरच. लसीचं मात्र आठवा. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ ची लस राज्यांनी विकत घ्यावी म्हणाले, २१ जूनपासून पुन्हा केंद्रानं घेतली. त्या सात आठवड्यांत माझ्या दारात रोज पोरं येऊन विचारायची, “डॉक्टर, कधी?” आणि माझ्याकडं उत्तर नसायचं. एका हातात सगळं दिलं की तो हात चुकला तर सगळा देश चुकतो. या मतावरून मी हलणार नाही.

एक काम मात्र करा. जानेवारी २०२१ पासून राज्याच्या नर्सिंग होम नियमांत रुग्ण हक्कांची सनद आणि १५ सेवांचे दर दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. आबांना फेरतपासणीला न्याल तेव्हा तो फलक बघा. माझ्याकडं तो केसपेपरच्या खिडकीशेजारी आहे. लोक त्याच्याकडं पाठ करून उभे राहतात.

तासगावकर

काल गेलो होतो. फलक आहे. पाण्याच्या फिल्टरमागं, वर कॅलेंडर लटकवलेलं. कॅलेंडर बाजूला धरून आबांनी स्वतः मोठ्यानं वाचून दाखवला, बाकावरची चार माणसं उठून आली. आयसीयूचा फलकावरचा दर आणि आमच्या बिलातला दर यांत दिवसाला १,२०० रुपयांचा फरक आहे. फोटो काढून आणलाय. वकीलताई, महापालिकेकडं तक्रार करताना बिलाची झेरॉक्स आणि फोटो एवढं पुरेल, की डिपॉझिटच्या त्या पहाटेच्या मेसेजचीही प्रत लावू?