आडनाव सोडा, गाव धरा? परमुलखात गेलेल्या पूर्वजांच्या शोधाचे अनुभव

चष्मिष्ट

गेली चार वर्षं मी एका माणसाच्या मागे आहे. माझे चुलत आजोबा, म्हणजे वडिलांचे काका. १९१९ साली बॅरिस्टर व्हायला विलायतेला गेले, पहिली दोन वर्षं पत्रं आली, मग बंद. घरात त्यांचा विषय निघाला की आजी ताट उचलून आत जायची.

इंग्लंडच्या १९२१च्या जनगणनेचे तक्ते २०२२च्या जानेवारीत लोकांसाठी खुले झाले. आडनाव टाकलं, शून्य. आडनावाची पंधरा स्पेलिंगं टाकली, शून्य. शेवटी आडनावाचा रकाना मोकळाच सोडला आणि फक्त जन्मस्थान 'पूना' नि वय २२ ते २४ एवढंच दिलं. सापडले! लंडनमधल्या ब्लूम्सबरीतल्या एका खाणावळवजा घरात 'बोर्डर' म्हणून. आपल्या नावात मधे वडिलांचं नाव असतं ना, तेच आडनाव म्हणून लागलं होतं. खरं आडनाव तक्त्यात कुठेच नाही.

पण हे तेच कशावरून? १९३१ची जनगणना बघावी तर तिचे कागद डिसेंबर १९४२च्या आगीत जळाले. १९४१ची युद्धामुळे झालीच नाही. मधे फक्त १९३९ची नोंदवही उरते, युद्ध सुरू होताच ओळखपत्रांसाठी केलेली. तिच्यात जन्मतारीख पूर्ण असते. तिथे त्याच नावापुढे मार्च १८९८. आमच्याकडे पत्रिका होती: शके १८१९, फाल्गुन वद्य. मी ७८ मिळवून १८९७ धरत होतो आणि 'हे आपले नव्हेत' म्हणून वर्षभर गप्प बसलो. मग एका जोशीबुवांनी टपली मारली. फाल्गुन म्हणजे इंग्रजी वर्ष उलटलेलं, तिथे ७९ मिळवायचे. १८९८!

त्याच पानावर खालच्या ओळीत एक बाई, नात्याने पत्नी, काम 'बिनपगारी घरकाम'. आजी ताट का उचलायची ते तेव्हा कळलं.

तुमच्याकडेही असे हरवलेले कुणी असतील. कुठे, कशात सापडले (किंवा नाही सापडले) ते सविस्तर लिहा. 'शोधलं, मिळालं' एवढंच नको, अडलं कुठे ते हवं.

पायरीवरची

छान धागा. बाळबोध प्रश्न: आपल्याकडेही १८८१पासून २०११पर्यंत दर दहा वर्षांनी जनगणना झालीय. मग तिच्यात का नाही शोधत कुणी?

कागदकिडा

@पायरीवरची, कारण आपल्या जनगणनेचे घरोघरचे तक्ते बघायला मिळत नाहीत. हाती येतात ते आकडे: अमुक तालुक्यात अमुक माणसं. १९४८च्या जनगणना कायद्याने घराची माहिती गोपनीय आहे, आणि विलायतेसारखी 'शंभर वर्षांनी खुली' अशी सोयही नाही. आपल्याकडे माणूस सापडतो तो तलाठ्याच्या, शाळेच्या नि भटजींच्या दप्तरात. गाव नमुना १४, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ती जन्ममृत्यूची नोंद. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. जुनं बरंचसं मोडी लिपीत. २०२३पासून कुणबी नोंदींच्या निमित्ताने ही दप्तरं उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. आमच्या तालुक्यात एका निवृत्त गुरुजींच्या ओट्यावर सकाळी सहापासून रांग असायची.

क्वात्र बोर्नचा

नमस्कार. मी मॉरिशसचा. घरी क्रेओल बोलतो, मराठी शाळेत शिकलो. चूकभूल माफ करा.

आमचं आडनाव म्हणजे खापरपणजोबांचं पहिलं नाव. इथे बहुतेकांचं तसंच. गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, आलेल्या माणसाला एकच नाव असायचं, ते पुढच्या पिढीला आडनाव म्हणून चिकटलं. म्हणून आडनावावरून कुळ किंवा गाव काही कळत नाही.

इथे शोध सुरू होतो तो नंबरापासून. उतरलेल्या प्रत्येक मजुराला एक क्रमांक मिळायचा. पोर्ट लुईच्या ज्या डेपोतून ते गेले तो आज आप्रवासी घाट म्हणून जपला आहे. नोंदवह्या मात्र मोका गावी, महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये. तुम्ही नुसतं नाव घेऊन गेलात तर त्या नावाचे शेकडो निघतात. मी आधी आजोबांचा जन्मदाखला काढला, मग पणजोबांचा. पणजोबांच्या दाखल्यावर त्यांच्या वडिलांच्या नावापुढे आकडा होता. तो आकडा घेऊन गेलो.

नोंदीत काय होतं सांगतो. मुंबई बंदरातून, १८५०च्या दशकात. वय २०. जात 'कूनबी'. उंची पाच फूट दोन इंच. खूण: गालावर देवीचे व्रण. जिल्हा 'रटनाघेरी'. परगणा 'सेव्हर्नद्रूग'. गाव 'वाडी'.

फोटोसुद्धा मिळाला! १८६७च्या कायद्याने, करार संपलेल्या जुन्या मजुरांनाही फोटो लावलेलं तिकीट जवळ बाळगावं लागे. ते नसलं की पोलीस धरायचे. त्या जाचामुळे आज माझ्याकडे खापरपणजोबांचा चेहरा आहे. मुंडासं, गळ्यात काहीतरी काळं, आणि बघणं असं की कॅमेरावाल्याशी भांडण झालंय.

पण 'सेव्हर्नद्रूग' कुठे आहे? मला तर ते स्कॉटलंडमधलं वाटलं. आणि वाडी म्हणजे कुठली?

सायलेंट वाचक

कोकणात वाडी कुठे नाही! :)

तारवटी

मी गोव्यातल्या सासष्टीतला. आमच्यात उलट त्रास. आडनाव पक्कं, पण तेच निम्म्या तालुक्याचं. पणजोबा बोटीवर स्टुअर्ड. ब्रिटिश बोटींच्या १९१५च्या खलाशी याद्या जुळवून लोकांसाठी ठेवल्या आहेत. त्यांत वय, जन्मस्थान आणि आधीची बोट एवढं मिळतं. जन्मस्थान बहुतेकांपुढे नुसतं 'गोवा', आणि आमच्या पणजोबांच्या नावाचे मला अकरा दिसले. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीतून जन्मवर्ष काढलं, तरी तिघे उरले.

सुटलं ते मुंबईत. धोबीतलावला गोव्यातल्या गावागावांच्या कूड आहेत, बोटीची वाट बघणारे तारवटी, म्हणजे खलाशी, तिथे पेटी टाकून राहायचे. गावाची कूड म्हणजे गावचाच माणूस. आमच्या कुडीत वर्गणीची जुनी वही होती, वाळवीने कडा खाल्लेली. पणजोबांच्या नावापुढे दोन रुपये बाकी आणि कडेला बोटीचं नाव. ती बोट यादीतल्या तिघांपैकी एकाच्याच नावापुढे होती. बाकी मी भरली हो, व्याजाची कुणी विचारणा केली नाही.

अश्दोदहून

धाग्याच्या नावाशी माझं भांडण आहे. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, आमचं आडनाव म्हणजेच गाव. पेणकर, रोहेकर, किहीमकर. निम्मा पत्ता तिथेच मिळतो.

अडतं ते पहिल्या नावाशी. आजोबा थडग्यावर अब्राहाम, शाळेच्या रजिस्टरात आबाजी. सॅम्युएलचा सामाजी. मी दोन वर्षं ती दोन माणसं समजत होते आणि आजीला चक्क दोन नवरे लावले! अलिबागजवळ नवगावला आमची जुनी कबरस्तानं आहेत. दगडावर एकीकडे हिब्रू, खाली मराठी, दोन्ही नावं एका जागी. इथे इस्रायलमध्ये आल्यावर आणखी मजा. हिब्रूत प आणि फ एकाच अक्षराने लिहितात आणि स्वर बहुधा लिहीतच नाहीत. त्यामुळे पेणकर सरकारी कागदात फिनकर झाले, आणि फिनकर म्हणून शोधणाऱ्याला ते पोलंडमधून आलेले वाटतात. तरुण पोरांनी तर 'कर'च उडवलाय. आता बसा शोधत.

चष्मिष्ट

@अश्दोदहून, म्हणून तर नावात प्रश्नचिन्ह घातलंय. वाचलो!

ओरेगनची चिंच

अमेरिकेबद्दल लिहिते. आजीचे मामा शिकायला गेले ते १९१०च्या सुमारास, पश्चिम किनाऱ्याला. त्याच काळात पांडुरंग खानखोजे तिथे शेतकी शिकत होते, पुढे ते मेक्सिकोत प्राध्यापक झाले. आमचे मामा कुठेच प्राध्यापक झाले नाहीत.

१९२०च्या अमेरिकन जनगणनेत वंशाच्या रकान्यात आपल्याकडच्या माणसाला 'हिंदू' लिहीत, मग तो शीख असो की मुसलमान. मातृभाषेचाही रकाना होता. मामांच्या ओळीत तिथेही 'हिंदू'! गणना करणाऱ्याने दारातूनच विचारलं असणार. नावाचं तर भजंच. मी कॅलिफोर्नियाची एक काउंटी घेतली आणि वंशात 'हिंदू' असलेली प्रत्येक ओळ वाचत गेले. पंजाबी शेतमजुरांच्या ओळींत एकच माणूस साखर कारखान्यात रसायनतज्ज्ञ.

पक्कं झालं ते पहिल्या महायुद्धाच्या भरतीकार्डावरून. १९१७-१८ मध्ये परदेशी पुरुषांनाही ते भरावं लागे आणि सही स्वतःची. खाली वळणदार इंग्रजी सही, आणि तिच्या शेजारी बारीक अक्षरात, कुणी मागितलेलं नसताना, बाळबोधीत नाव. 'ळ' काढलाय तो अगदी आजी काढायची तस्सा. मी ऑफिसात होते, बाथरूममध्ये जाऊन रडले.

जाता जाता: आनंदीबाई जोशी जनगणनेत का सापडत नाहीत असं एकीने विचारलं होतं. त्या १८८३ ते ८६ तिथे होत्या, दोन गणनांच्या मधे. आणि १८९०चे तक्ते तर १९२१च्या आगीनंतर जवळजवळ उरलेच नाहीत.

गोदाकाठ

नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचा उल्लेख अजून कसा नाही? रामकुंडावर तुम्ही आडनाव आणि मूळ गाव सांगा, ते आधी विचारतात 'तुमचे गुरुजी कोण'. ते कळलं की वही निघते. लांबुळकी, लाल कापडात. आमच्या वहीत पणजोबांची १९०६ची नोंद, त्यांच्याच हातची. वडील, आजोबा, भाऊ, भावांची मुलं. आणि धाकट्या भावाच्या नावापुढे दोनच शब्द: 'कराचीस असतो'. घरात सगळे म्हणत तो लहानपणीच वारला. पुढे काही मिळालं नाही. फाळणीत काय झालं देव जाणे. पण तो होता एवढं तरी लिहिलेलं आहे. मी त्या पानावर माझी नोंद करून आलो आणि त्याचं नाव पुन्हा घातलं.

दाभोळखाडी

@क्वात्र बोर्नचा, दादा, सेव्हर्नद्रूग स्कॉटलंडात नाही, हर्णैसमोर समुद्रात आहे. सुवर्णदुर्ग! आज ज्याला दापोली तालुका म्हणतो तो मुलूख तेव्हा सुवर्णदुर्ग तालुक्यात मोडायचा. म्हणजे तुमचं नशीब चांगलं. नुसतं रटनाघेरी असतं तर सावंतवाडीच्या तोंडापर्यंत शोधावं लागलं असतं, कारण सिंधुदुर्ग १९८१ साली वेगळा झाला.

वाडीचं मात्र कठीण आहे. तलाठ्याकडे जाऊ नका, तुमचे खापरपणजोबा गेले तेव्हा नमुना १४ नव्हताच. तुम्ही शिमग्याला या. एरवी गावात म्हातारी माणसं नि कुत्री. शिमग्याला मुंबईचे सगळे चाकरमानी येतात, पालखी घरोघर फिरते, आणि कुठल्या घरचा कोण कुठे परागंदा झाला ते मानकऱ्यांना तोंडपाठ असतं. मी तीन-चार वाड्यांत घेऊन जाईन.

क्वात्र बोर्नचा

खूप आभार! हे मी आईला वाचून दाखवलं. फोटो मोठा करून आणतो. देवीच्या व्रणांवरून कुणी ओळखेल का?

दाभोळखाडी

फोटो आणा. व्रणांचं सोडा, तेव्हा अर्ध्या गावाच्या तोंडावर होते. पण ते भांडकुदळ बघणं म्हणालात ना, त्यावरून मला आत्ताच एक घर आठवतंय.