मदत हवी आहे: तुरुंगातल्या भावाने फेडरल कोर्टात वकिलाविना दावा टाकलाय

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या मंडळींपैकी कुणी वकील किंवा पॅरालीगल असेल, तर कृपया वाचा.

माझा मामेभाऊ दक्षिणेकडच्या एका राज्याच्या तुरुंगात आहे. स्टेटचा तुरुंग, फेडरल नाही. गुन्हा त्याने केलाय, शिक्षाही भोगतोय. त्यावर चर्चा नको, ही हात जोडून विनंती. त्याला मधुमेह आहे. पायाच्या अंगठ्याला फोड आला, त्याने सिक कॉलच्या (तुरुंगातल्या दवाखान्यात दाखवायच्या) स्लिपांवर स्लिपा दिल्या, आणि दर वेळी आयबुप्रोफेनची वेदनाशामक गोळी देऊन परत पाठवलं. शेवटी अंगठा आणि शेजारचं बोट कापावं लागलं.

आता त्याने सेक्शन १९८३ खाली नागरी हक्कांचा दावा टाकलाय. हाताने लिहिलेली प्रत मलाही आली. रेघांच्या पिवळ्या कागदावर पाऊल काढलंय, काळा पडलेला भाग रेघोट्यांनी भरलाय आणि बाजूला तारखा. कोर्टाने उलट टपाली ऑर्डर धाडली: छापील फॉर्मवर पुन्हा लिहा, आणि कोर्टाची फी एकदम भरता येत नाही असा अर्ज तुरुंगातल्या खात्याच्या सहा महिन्यांच्या प्रमाणित स्टेटमेंटसकट ३० दिवसांत पाठवा.

माझी खरी धास्ती वेगळी आहे. तुरुंगातल्या तक्रारीची पहिली पायरी फेटाळली गेली, दुसरीचं उत्तर यायच्या आधीच गड्याने कोर्ट गाठलं. आणि हे दाव्यात स्वतःच लिहूनही टाकलंय! याने केस उडेल का? त्याच्या वतीने मी फॉर्म भरून सही केली तर चालेल का? वकिलांना फोन केले, पण कैद्याची केस म्हटलं की पुढे ऐकतच नाहीत. सांगलीला मामी रोज विचारते, तिला काय सांगू कळत नाही.

प्रतिसाद १

ताई, मी वकील नाही, पण कैद्यांच्या केसेस घेणाऱ्या ऑफिसात काम केलंय. सही अजिबात करू नका. वकील नसलेल्या माणसाला दुसऱ्याची केस चालवता येत नाही, बहीण असली तरी. फॉर्म आणि निकाल छापून पाठवा. मात्र तुमचं पत्र 'लीगल मेल' (वकिलाचं गोपनीय टपाल) धरत नाहीत, ते उघडलं जाणारच. फोनही रेकॉर्ड होतात, तेव्हा केसबद्दल जपून बोला.

दुसऱ्या पायरीची भीती रास्त आहे. १९९६ च्या प्रिझन लिटिगेशन रिफॉर्म अ‍ॅक्टनुसार दावा टाकायच्या आधी तुरुंगातल्या तक्रारीच्या सगळ्या पायऱ्या संपाव्या लागतात, आणि त्याही मुदती पाळून; सुप्रीम कोर्टाचा निकाल वुडफर्ड विरुद्ध न्गो, २००६. दावा टाकल्यावर उत्तर आलं तर बऱ्याच सर्किटांत (फेडरल अपिली कोर्टांच्या विभागांत) ते धरत नाहीत. एरवी हा मुद्दा समोरच्या पक्षाने काढायचा असतो, पण भावाने स्वतःच लिहिल्यामुळे जज पहिल्या छाननीतच केस काढून टाकू शकतो. तक्रारीची वाटच नावापुरती असेल तर सूट आहे (रॉस विरुद्ध ब्लेक, २०१६), पण उत्तराची मुदत अजून संपली नसेल तर तिचा उपयोग नाही.

समोरच्यांचं उत्तर यायच्या आत दावा स्वतःहून मागे घेऊन, पायरी संपल्यावर पुन्हा टाकता येतो. त्याआधी त्या राज्यातली दाव्याची मुदत बघा. काही राज्यांत ती दोनच वर्षं आहे. कागद तुरुंगाच्या टपालात दिला तो दिवस दाखल झाल्याचा धरतात, म्हणून त्या तारखेची नोंद ठेवायला सांगा.

प्रतिसाद २

पैशांचं कुणी बोललं नाही. कैद्याला फी माफ होत नाही, हप्ते होतात. ३५० डॉलर पूर्ण फिटेपर्यंत खात्यात येणाऱ्या रकमेतले २० टक्के कापतात. म्हणजे तुम्ही कँटीनसाठी १०० पाठवलेत तर २० कोर्टाचे. केस हरली तरी हे चालूच राहतं, आणि दोनदा टाकली तर सहसा दोनदा.

वकील फोन ठेवतात त्याला कारण आहे. जिंकल्यावर समोरच्या पक्षाकडून मिळणाऱ्या वकिली फीवर याच कायद्याने मर्यादा घातलीय. सिव्हिल केसमध्ये सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क नाही. जजला विनंती करता येते, बहुधा नाकारतात.

प्रतिसाद ३

केसच्या गाभ्याबद्दल थोडं. एस्टेल विरुद्ध गँबल (१९७६) हा निकाल टेक्सासच्या एका कैद्याने हाताने लिहिलेल्या अर्जावरच आला. बिचारा स्वतः हरला, पण गंभीर आजाराकडे जाणूनबुजून केलेलं दुर्लक्ष म्हणजे क्रूर शिक्षेला मनाई करणाऱ्या आठव्या घटनादुरुस्तीचा भंग, हे सूत्र तिथलं. नुसता हलगर्जीपणा पुरत नाही. नर्सला माहीत होतं आणि तरी तिने काही केलं नाही, हे दिसायला हवं. म्हणून चित्रापेक्षा त्या स्लिपा मोलाच्या. प्रत्येकीची प्रत मागवा. आणि 'मेडिकल डिपार्टमेंट'वर दावा चालत नाही. कुणी, कोणत्या दिवशी, काय केलं असं माणूस धरून लिहायचं. नर्स खासगी कंत्राटदाराची असली तरी तिच्यावर दावा होतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दुसऱ्या पायरीच्या उत्तराला किती दिवसांची मुदत आहे ते कैद्यांच्या हँडबुकात बघते, मग मागे घ्यायचं की नाही ते तोच ठरवेल. एक अडचण: काही स्लिपा आहेत माझ्याकडे, पण नर्सच्या सहीतून नाव लागत नाही, नुसता फराटा आहे. तिथे 'जॉन डो' (नाव माहीत नसलेल्यासाठीचं तात्पुरतं नाव) लिहिलं आणि खरं नाव मुदत उलटल्यावर कळलं, तर बदलू देतात का?