मदत हवी आहे: कावागुचिकोला आईबाबांसोबत र्‍योकानमध्ये राहायचंय
नोव्हेंबरमध्ये आईबाबांना घेऊन जपानला जातोय, टोकियोहून जाऊन एक रात्र कावागुचिको तलावाकाठच्या पारंपरिक जपानी हॉटेलात म्हणजे र्‍योकानमध्ये राहायचंय कारण आईला सकाळी उठल्या उठल्या खिडकीतून फुजी बघायचाय, खूप वर्षांची इच्छा आहे तिची. पण ती पक्की शाकाहारी आणि तिथे साध्या मिसो सूपमध्येही बहुतेक दाशी असतं म्हणजे सुक्या बोनिटो माशाचा अर्क, तर बुकिंग करताना नेमकं काय लिहून कळवायचं? शिवाय ओनसेनमध्ये म्हणजे तिथल्या गरम पाण्याच्या सामायिक कुंडात सगळे कपडे काढूनच उतरायचं असतं, चारचौघींत तिला ते जमणार नाही, त्यामुळे काशिकिरी म्हणजे थोडा वेळ फक्त आपल्यासाठी मिळणारं कुंड असलेलं ठिकाण हवंय. गुडघे दुखतात तिचे, तातामीवरच्या म्हणजे जमिनीवरच्या गवती चटईवरच्या गादीवरून उठवणार नाही, पलंगवाली खोली मिळते का? कोणी राहिलं असेल तर प्लीज सांगा.