गोव्यातली लॅटिन नाइट: सालसा थोडा येतो, फ्लोअरवर काय सांभाळायचं?

तिसरं_रेल्वे_गेट:
मंडळी, शनिवारी आम्ही तीन जोडपी बेळगावच्या टिळकवाडीतून चोर्ला घाटामार्गे गोव्याला जाणार आहोत. किनाऱ्यावरच्या एका रेस्टॉरंटात जेवण, नवख्यांसाठी तासभर शिकवणी आणि मग लॅटिन नाइट असं आहे. सालसा नाचाच्या क्लासात बेसिक (आठ मात्रांची मूळ पावलं), राइट टर्न आणि क्रॉस बॉडी लीड (जोडीदाराला आपल्यासमोरून पलीकडं नेणं) झालंय. सर मोजतात तोवर जमतं, नुसतं गाणं लागलं की मोजणीतला ‘एक’ कुठला तेच सापडत नाही. बूट कुठले घालायचे? जेवण आधी की नंतर? दोघीजणी शाकाहारी आहेत, त्यांनी काय मागवावं? जाणकारांनी नीट सांगा.

कोंगा_प्रेमी:
एक सापडत नाही याचं कारण आपल्या कानात आहे. भजनातला केरवा आठ मात्रांचा आणि सालसाची मोजणीही आठाची, म्हणून समेवर दणका पडेल अशी वाट बघत आपण उभे राहतो. सालसात तो दणका बहुतेक वेळा येतच नाही. बेस वाजतो २ आणि ३ च्या मधोमध, मग ४ वर, आणि ४ चा सूर पुढच्या मात्रेवरही लांबत राहतो. ऐन एकवर बेस नव्यानं वाजतच नाही.

म्हणून बेस सोडा, कोंगा (हातानं वाजवायचा उंच ढोल) धरा. कोंग्यावर उघड्या थापेचे दोन ठोके लागोपाठ पडतात, ‘तुम-तुम’. पहिला ४ वर, दुसरा त्यानंतर अर्ध्या मात्रेनं. ८ वरही तसंच. त्या जोडीनंतर लगेच येणारी मात्रा म्हणजे १ किंवा ५. गाणं रंगात येऊन कोरस सुरू झाला की लोखंडी घंटा वाजू लागते, तिचे ठळक ठोके १, ३, ५, ७ वर असतात. तेव्हा तर काम सोपंच.

१ आणि ५ मधला फरक गाण्याच्या ओळीवरून ओळखायचा, नवी ओळ बहुतेक १ च्या आसपास उचलते. चुकून ५ वर सुरुवात झाली तरी जोडी कोलमडत नाही. एक बेसिक पुरा करा, चार मात्रा जागेवर डोला आणि परत धरा.

आता पाय. पावलं १-२-३ आणि ५-६-७ वर. ४ आणि ८ ला नवं पाऊल नाही, पण शरीर थिजवायचंही नाही, ३ च्या पावलावरचं वजन तेवढ्यात पुरतं बसू द्यायचं. नवखे नेमकी तिथंच घाई करतात आणि दोन आठांत तालाच्या पुढं निघून जातात. दुसरी चूक लांब पावलांची. पाऊल आपल्या तळव्याच्या निम्म्याएवढंच टाका, आणि गाणं जलद झालं की त्याहून लहान. मिनिटाला दोनशेच्या आसपास ठोके असलेल्या गाण्यात लांब पाऊल परत आणायला वेळच उरत नाही.

शिकवणीतला तास चुकवू नका. तिथं ‘ऑन वन’ (पुढं-मागं जायचं मुख्य पाऊल १ वर) आहे की न्यूयॉर्क पद्धतीचं ‘ऑन टू’ (ते २ वर) हे आधी विचारा, म्हणजे पुढं जोडीदाराशी गोंधळ होत नाही.

शहापूरची_वहिनी:
बुटांचं मी सांगते. रबरी तळव्याचे स्पोर्ट्स शूज नकोत. वळताना पाय फरशीला चिकटतो, वरचं शरीर फिरतं आणि पीळ थेट गुडघ्याला बसतो. साधे चामडी तळव्याचे, मागून बंद असलेले बूट चालतील. अथणी-निपाणीच्या चपलेचा तळवा चामड्याचा असला तरी टाचेला पट्टा नसतो, टर्नमध्ये ती उडून कुणाला तरी लागते. बायकांनी सँडल घोट्याला पट्टा असलेली आणि बसक्या टाचेची घ्यावी. सुएड (लव असलेलं मऊ चामडं) तळव्याचे डान्स शूज असतील तर पिशवीतून न्या आणि फ्लोअरवर घाला. ओल्या अंगणातून एकदा चाललं की सुएडची लव बसते, मग तारेच्या ब्रशनं घासून उठवावी लागते.

काचेच्या बांगड्या घरी ठेवा. हात वर घेऊन फिरताना जोडीदाराची पकड नेमकी मनगटाच्या वर येते, काच फुटली तर दोघांनाही लागते. लांब मंगळसूत्र शर्टाच्या बटणात अडकतं, ते आत घ्या किंवा आखूड घाला. ओढणी नकोच, लांब वेणी असेल तर बांधून अंबाडा. पुरुषांनी कडं आणि मोठी अंगठी काढावी, आणि दोन जादा टी-शर्ट नि एक नॅपकिन न्यावा. गोव्याच्या दमट हवेत पाऊण तासात शर्ट भिजतो, आणि तसाच पुढच्या बाईसमोर हात करणं बरं दिसत नाही.

चोर्लावाला:
शिकवणीच्या तास-दीड तास आधी जेवा, पोट थोडं रिकामं ठेवा. शाकाहारी ताईंनी मेनूतलं नाव बघून ऑर्डर देऊ नये. रिफ्राइड बीन्स (राजम्यासारखे शिजवून ठेचलेले दाणे) कधी कधी डुकराच्या चरबीत परततात, मेक्सिकन भात चिकनच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. दोन्ही विचारून घ्या. ग्वाकामोले (अ‍ॅव्होकाडोची चटणी), मक्याचे टॉर्टिया (पातळ पोळ्या), तळलेली कच्ची केळी हे बहुधा निर्धोक, फक्त तळणीचं तेल मासळी तळलेलं नाही ना तेवढं बघा. सेव्हिचे म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेली न शिजवलेली मासळी, वर भरपूर कच्चा कांदा. ती नाच संपल्यावर खा.

मोहितोत ४५ मिली रम असते आणि दोन चमचे साखर, गोड लागतो म्हणून पटकन संपतो. एकापुढं गेलं की टर्नमधला तोल आधी जातो. आणि गाडी चालवणाऱ्यानं अजिबात नाही. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची, पण चोर्ल्याची रात्रीची वळणं आणि धुकं त्याहून कडक आहेत. मुक्काम करा, सकाळी निघा. दारूच्या बाटल्या गाडीत भरू नका, परतीच्या वाटेवर कणकुंबीला तपासणी असते.

तिसरं_रेल्वे_गेट:
सगळ्यांचे आभार, हे वहीत उतरवून घेतो. एकच राहिलं, राइट टर्नला हिचा तोल दर वेळी मागं जातो. चूक माझी की तिची? आणि मधे बचाटा (दुसरा एक लॅटिन नाच) लागला तर बसून राहायचं का?

कोंगा_प्रेमी:
बहुतेक वेळा चूक हाताची असते, म्हणजे लीड करणाऱ्याची. हात ३ ला वर घ्या, ५ ला नको, उशीर झाला की तिला ओढून फिरवावं लागतं. हात तिच्या डोक्याच्या बरोबर मधोमध आणि केसांपासून चार बोटं वर. तुमच्याकडं झुकला तर ती पुढं येते, तिच्या मागं गेला तर ती टाचांवर पडते, तुमच्या मिसेसचं हेच होत असणार. अंगठ्यानं पकडू नका. तुमची दोन बोटं खाली, तिचे हुकासारखे वाकलेले बोटांचे सांधे त्यांवर, सांधे मोकळे फिरले पाहिजेत. तिनं ५ ला डावा पाय पुढं टाकून पंज्यावर वजन घ्यावं, ६ ला वळावं, ७ ला पाय जुळवावेत. नजर जमिनीवर गेली की मान वाकते आणि तोलही तिकडंच जातो.

बचाटाला बसू नका, तो सालसापेक्षा संथ आणि सोपा. बाजूला, जुळव, बाजूला, आणि ४ ला फक्त टॅप. त्या टॅपवर वजन टाकलं की पुढचं पाऊल चुकीच्या पायानं निघतं, नवख्यांचं सगळं बिघडतं ते इथंच. वजन न टाकता बोटं टेकवून उचलायची, बस. अनोळखी जोडीदाराबरोबर हातभर अंतर ठेवून, उघड्या पकडीत नाचा, जवळ यायचं की नाही ते तिनं ठरवावं. कुणी नको म्हटलं तर हसून पुढं जा, कारण विचारू नका. आणि फ्लोअरवर कुणाला शिकवायला जाऊ नका, मागितल्याशिवाय तर नाहीच.