झीरो माईलपाशी मंदावलेला काळ: कथाकल्पनेवर अभिप्राय हवा

प्रश्न: नागपूरच्या झीरो माईल स्तंभाभोवती शंभर पावलांच्या परिघात काळ निम्म्या गतीने वाहू लागतो. तिथे हातगाडी लावणाऱ्या आजींची संत्री मे महिन्याच्या उन्हातही सुकत नाहीत, मात्र घरी परतल्यावर नातू अपेक्षेपेक्षा अधिक वाढलेला दिसतो. ही कल्पना शास्त्रीय कसोटीवर टिकेल काय?

प्रतिसाद १: काळाची गती जागेनुसार बदलते, हे खरेच आहे. जीपीएस उपग्रहांवरील घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात व तेवढी दुरुस्ती करावीच लागते. तुमची अडचण निराळी आहे: आजींच्या एका तासात बाहेरचे दोन तास सरत असतील, तर त्या एका तासात दोन तासांचे ऊन आत येईल, म्हणजे पंचेचाळीस अंशांच्या नागपुरी उन्हात त्यांना गाडीवरचे ओले गोणपाट उलट अधिक वेळा भिजवावे लागेल. कारण गुरुत्वाकर्षण असल्याचे तर लिहूच नका. एवढ्या फरकाला लागणाऱ्या गुरुत्वाकर्षणात आजी, गाडी आणि स्तंभ यांपैकी काहीही उरणार नाही.

प्रतिसाद २: शिवाय मे महिन्यात आपल्याकडची संत्री कुठून आणणार? मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याचे पीक, फेब्रुवारी-मार्चमध्येच बाजारात येतो. माझ्या मते कथेचा जीव नातवात आहे. सदऱ्याच्या आखूड होत गेलेल्या बाह्या आजींना प्रथम दिसतात, तिथूनच सुरुवात करावी.

प्रश्नकर्ता: उन्हाचा हिशेब माझ्या ध्यानातच आला नव्हता. आता संत्री आधी सुकतील आणि कथा फेब्रुवारीत घडेल.