मदत हवी आहे: गोंडी बोलणाऱ्या सिकलसेल रुग्णांसाठी संमतीपत्र

नागपुरात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आयसीएमआरच्या एसटीएस (वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या छोट्या संशोधनाची योजना) प्रकल्पासाठी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण हायड्रॉक्सीयुरिया हे औषध नियमित घेतात का, हे विचारायचंय. संमतीपत्र सोप्या मराठीत केलंय, गाईडनी तपासलंय. पण गडचिरोलीकडून येणाऱ्या काही घरांत आजी-आईला गोंडीच नीट कळते. सोबतच्या नातेवाइकाला दुभाषा केलं, तर ‘नाही म्हटलं तरी उपचार थांबणार नाहीत’ हे वाक्यच तो गाळतो. माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं.

वाचता न येणाऱ्यांसाठी त्रयस्थ साक्षीदार ठेवणारच आहे. मुदत दोनच महिने, निधी नाही. गोंडीत ध्वनिमुद्रित माहिती ऐकवायची असेल, तर एथिक्स कमिटीकडे (संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीकडे) नेमकं काय सादर करावं लागतं? आणि तो अनुवाद नागपुरात कोणाकडून तपासून घेता येईल?